सोफा आला की मालिका मेली

“मॅडम, ज्या मालिकेत सोफा आला ना, ते मालिका मेली समजाचं.”

हिरामणभाऊ दिघोरे माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी कारध्याला त्यांच्या घरची मागची खोली भाड्यानं बघायला गेले होते. नळाला पाणी किती वेळ असतं, ओटा आहे का, असले माझे प्रश्न तोंडात तयार होते. घरमालक मात्र टीव्हीसमोर खाटेवर मांडी घालून, डोळे घट्ट मिटून बसलेले. मला वाटलं, माणूस झोपलाय. मी मागे फिरणार तेवढ्यात त्यांनी डोळे न उघडताच सोफ्याचा निकाल लावला.

“सोफ्यानं काय केलं?” मी विचारलं.

“काय केलं म्हंजे? खाटेवर दोघं बसले का एकमेकायच्या तोंडाकडे पाहतेत. सोफ्यावर बसले का दोघंबी आपल्याकडे पाहतेत. आपल्याकडे पाहून भांडण जमते का कोनाचं?”

खोलीचं काय ते मग त्यांच्या बायकोनं, पारबताबाईंनी सांगितलं. त्या टीव्हीकडे पाठ करून जाळं विणत बसल्या होत्या. खोलीला ओटा नव्हता, तरी मी ती घेतली. शाळा तिथून सायकलच्या टप्प्यात आहे, असं मी माहेरी सांगितलं आणि ते खरंही होतं. पण सोफ्याबद्दल इतकं ठाम मत असलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता, हेही तेवढंच खरं. बदली होईपर्यंत मी तिथंच राहिले, अकरा वर्षं.

घर मासेमारांचं. हिरामणभाऊंचे वडील वैनगंगेत आणि आसपासच्या बोड्यांमध्ये, म्हणजे गावतळ्यांमध्ये, जाळं टाकून जगले. हिरामणभाऊ पूल ओलांडून शहापूरच्या बाजूला एका राईस मिलमध्ये कामाला लागले आणि तिथं मिस्त्री झाले. शिक्षण सातवी. अंगानं किडकिडीत, बोलायला लागले की मान एका बाजूला कलती. शर्टाच्या खिशात कायम चिमूटभर तांदूळ. बोलता बोलता एक दाणा दाताखाली धरून तोडायचे आणि तो कसा तुटला ते बघायचे. टीव्हीचंही त्यांचं असंच होतं. कुठलीही विनोदी मालिका ते आधी दाताखाली धरून बघत.

त्यांचे नियम पुष्कळ होते आणि ते मला एकेक करून, न विचारता, मिळत गेले. मालिका आठवड्यातून एकदाच यावी. “एक डाव येनारा पावना असला तं कोंबडी कापतो आपन. रोज आला तं त्याले शिळी भाकर देतो.” विनोदी मालिकेत कोणाला शहाणपण सुचू नये. सुचलंच तर पुढच्या आठवड्यापर्यंत त्यानं ते विसरावं. शेजाऱ्यानं दार वाजवून आत येऊ नये, कारण दार वाजवणारा शेजारी शहरातला असतो आणि शहरातल्या शेजाऱ्यात विनोद नसतो. आणि सगळ्यात मोठा राग त्यांचा ध्वनिमुद्रित हशावर. कोणी काही बोललं की पडद्यामागून ते हा-हा-हा आलं, की हिरामणभाऊ मिटलेल्या डोळ्यांनीच तोंड वाकडं करत.

“मी कवा हासाचं ते मी पाहीन ना. हे कोन सांगनारे?”

गावात सगळे जी मालिका बघत ती त्यांना सोसत नसे, आणि जी कोणी बघत नसे तिची वकिली करायला ते पारावरही उभे राहत. ‘दवाखाना बंद आहे’ नावाची एक मालिका कधी काळी येऊन गेली होती, जेमतेम तेरा भाग चालली. एका खेड्यातला दवाखाना. डॉक्टर आज येणार, उद्या येणार, असं कंपाउंडर सांगतो आणि बाकावर बसलेले रोगी एकमेकांनाच औषधं सुचवत राहतात. बस, एवढंच. मी ती पाहिलेली नव्हती. पण हिरामणभाऊंनी तिचे तेरा भाग मला इतक्या वेळा करून दाखवले, की आजही त्यातल्या दम्याच्या म्हातारीचा उसासा मला काढता येतो. मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत हमालांना सुद्धा ते भाग म्हणून दाखवायचे म्हणे.

मग एकदा बातमी आली की ही मालिका ‘नव्या रूपात’ परत सुरू होणार. दुसरा कोणी खूश झाला असता. हिरामणभाऊ वही घेऊन माझ्या दारात.

“मॅडम, चॅनलले चिठ्ठी लिवाची आहे. लिवा: डॉक्टरले आनू नका.”

मी लिहिलं, “आपणांस नम्र विनंती की प्रस्तुत मालिकेत डॉक्टरांचे पात्र समाविष्ट करू नये.” त्यांनी ते ऐकलं आणि मान हलवली.

“हे तं तहसीलदारानं लिवल्यावानी झालं. माह्या बोलीत लिवा. डॉक्टर आला का रोगी बरे होतीन. बरे झाले का बाकावरून उठून जातीन. मंग राह्यलं काय?”

तसंच लिहिलं. उत्तर आलं नाही. मालिका आली, पहिल्याच भागात डॉक्टर आले, तरणेबांड, आणि दवाखान्यात बाकाच्या जागी चक्क सोफा. हिरामणभाऊ पाच मिनिटं बसले, उठले आणि बाहेर जाऊन उगीच मोपेडची चेन साफ करू लागले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं पारबताबाईंनी सांगितलं तेव्हा मी हसले. कौतुकानं, पण हसलेच. टीव्हीपायी कोणी उपाशी राहतं का, असं मला वाटलं होतं. माणसाला ज्याची खरी आवड असते, तिथं तो खरंच दुखावतो, हे मला उशिरा कळलं.

ते डोळे मिटून का बघतात, याचा उलगडा मात्र त्यांच्या मिलमध्ये झाला. एकदा मी वर्गाची क्षेत्रभेट तिथं नेली होती. आत शिरताच पोरांनी कानावर हात ठेवले. धानाचं टरफल काढणारी यंत्रं, चाळण्या, धान वर चढवणारे पट्टे, सगळं एकदम धडधडत होतं. मी माझ्याच वर्गाला ओरडून काही सांगू शकत नव्हते. त्या गदारोळात हिरामणभाऊ मधोमध उभे होते, डोळे मिटून, मान कलती. थोड्या वेळानं त्यांनी एका यंत्राकडे बोट केलं. मजुरानं ते बंद करून उघडलं, तर आतलं रबराचं रोळ एका बाजूनं झिजलेलं. बाहेर आल्यावर शेठ मला म्हणाले, “हमारे मिस्त्री का कान है मॅडम. रोळ घिसला की सब से पहले इनको पता चलता है. नहीं तो सब चावल कनकी हो जाए.” कनकी म्हणजे तुकडा तांदूळ. हिरामणभाऊंनी तेव्हा खिशातला एक दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला, अखंड.

“हसूबी असंच आहे,” ते म्हणाले. “डोळे मिटले का समजते, कुठं घासून राह्यलं ते.”

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. गुरुवारी मिलला सुट्टी. त्या दिवशी नवराबायको नदीवर नाहीतर बोडीवर मासोळी धरायला जात. जाळ्याचं एक टोक यांच्याकडे, दुसरं पारबताबाईंकडे, मध्ये वीस-पंचवीस हात पाणी. आणि तिथं बोलायचं नाही. मासोळीला आवाज चालत नाही, असं त्यांच्या घरात वाडवडिलांपासून. सगळं हातानं. दोन बोटं वर म्हणजे ओढ. मुठी एकमेकींवर म्हणजे जड आहे, दमानं. आडवा पंजा, जमिनीकडे तळवा, म्हणजे थांब, हलू नको. एवढ्यावर काम भागलं असतं. पण लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसांचं एवढ्यावर कुठलं भागतं? मी पुलावरून सायकल हातात धरून बघत उभी राहायची. ती दोघं हातांनी उणीदुणी काढत, गावातल्या माणसांच्या चालीच्या नकला करत, आणि एकदा तर पारबताबाईंनी सरपंचबाईंचं पदर सावरणं असं काही करून दाखवलं की हिरामणभाऊ कमरेइतक्या पाण्यात तोंडावर हात दाबून वाकले. आवाज अजिबात नाही. घरी पारबताबाई फार कमी बोलत. टीव्हीकडे त्यांची पाठ ती पाठच. “त्यात काय पाहाचं,” एवढंच त्यांचं मत.

कधीपासून बिघडलं ते मला नेमकं सांगता येत नाही. आमच्या मधल्या भिंतीतून टीव्ही मला आधी कुजबुजल्यासारखा ऐकू यायचा, मग शब्द कळू लागले, मग मला वह्या तपासताना कानात कापूस घालावा लागला. मी कुरकुर केली, तर म्हणाले, “आताचे नट पुटपुटतेत वो मॅडम. तोंडात घास घेऊन बोलल्यावानी. पयले कसे खनखनीत बोलत.” मला पटलं. पुटपुटतात खरेच. पुढे ते नव्या मालिका बघेनासे झाले. जुन्यांचे पुन्हा दाखवलेले भाग तेवढे बघत, आणि योग्य जागी हसत. हेही मला पटलं. वय झालं की जुनं गोड लागतं. एकदा पुलावर मागून ट्रकनं इतका हॉर्न दिला की मी घाबरून सायकलवरून उतरले. पुढे चाललेल्या हिरामणभाऊंनी मोपेड बाजूला घेतली नाही. मी म्हटलं, आहे माणूस हट्टी.

आणि डोळे. मिटलेले डोळे उघडले होते. आता ते टीव्हीच्या पुढ्यात, हातभर अंतरावर बसून बोलणाऱ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत. मी शिक्षिका आहे. वर्गात एखादं पोर ऐकू येत नसल्यामुळे चुकत असलं, तर मला आठवड्याच्या आत कळतं; श्रुतलेखनाला मी मुद्दाम अशा पोरांच्या मागे जाऊन उभी राहते. आणि ज्या माणसाच्या घरात मी राहत होते, त्याचं मला दोन वर्षं कळलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

कळलं ते भांडणातून. ‘अर्धा चहा’ नावाची एक नवी मालिका सुरू झाली होती. आठवड्यातून एकदा. तालुक्याच्या कुठल्याशा कचेरीतले चार कारकून, हळू आवाजात एकमेकांच्या खोड्या काढणारे. सोफा नाही. ध्वनिमुद्रित हशा नाही. कोणाला शहाणपण सुचत नाही. गावात कोणी ती बघत नव्हतं. मला वाटलं, ही तर हिरामणभाऊंसाठीच कोणी बनवली आहे. मी आग्रह करकरून त्यांना तिचे तीन भाग दाखवले. तिन्ही वेळा ते गंभीर चेहऱ्यानं बसून राहिले आणि तिसऱ्यानंतर म्हणाले, “बेकार आहे. दम नाई.”

“मग चांगली कुठली?”

“ते ‘बंगला नंबर बावीस’ बरी आहे.”

‘बंगला नंबर बावीस’! जिच्यात एक सोडून दोन सोफे होते. रोज यायची. दर वाक्याला पडद्यामागून हशा. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. एवढी वर्षं ज्या नियमांवर मी मान डोलावली, ते या माणसानं पायपुसण्यासारखे दारात टाकून दिले होते. “तुम्ही बदललात हिरामणभाऊ,” मी म्हटलं. “तुमची ती पारख गेली.” ते माझ्या तोंडाकडे बघत होते. हसले. नेमकं काय म्हणाले मी, ते विचारलंही नाही. आणि त्या हसण्यानं मी थबकले, कारण शिवी ऐकूच न आल्यामुळे असं हसणारी पोरं मी वर्गात पाहिलेली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘बंगला’ चालू असताना मी जाऊन त्यांच्या मागे उभी राहिले. पडद्यामागून हशा आला की तेही हसत. हशा संपला की थांबत. एवढा गोंगाट तेवढा त्यांच्या कानापर्यंत पोहोचत होता. ज्याच्यावर जन्मभर चिडले, तोच आता त्यांना सांगत होता, कधी हसायचं ते. मधल्या जाहिरातींत मी टीव्हीचा आवाज पार कमी केला आणि त्यांच्या पाठीमागून, वर्गात बोलते त्या आवाजात म्हटलं, “हिरामणभाऊ, मी उद्यापासून खोली सोडतेय.”

त्यांची मान हलली नाही.

भिंतीशी पारबताबाईंचे हात जाळ्यावर थांबले होते. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पंजा आडवा केला, तळवा जमिनीकडे. थांब, हलू नको.

सकाळी नळावर त्या मला म्हणाल्या, “मले दोन वर्सापासून मालूम आहे, बाई. त्यायले वाटते, मले मालूम नाई.”

“मिलमध्ये?”

“तिथं कोनाले कोनाचं ऐकू येते? तिथं चालून जाते. रोळावर हात ठेवून पाहतेत आता. हाताले समजते म्हनतेत.” त्यांनी घागर उचलली नाही. “धानाचा सीझन निघू द्या. शेठनं काढून टाकलं तं हे घरी बसून मरतीन. सीझन झाला का मीच सांगतो त्यायले, का मालूम आहे म्हून. तुमी नोका बोलू.”

मी बरं म्हटलं. माझ्या वर्गातलं पोर असतं तर मी त्याच दिवशी आईबापांना बोलावलं असतं. पण हे मोठं माणूस, त्यांचं घर, त्यांचं पोट, आपण कोण मध्ये पडणार, असं मी मनाला समजावलं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडावर हे बोलायची मला भीती वाटली. तुमची मतं ही मतं नव्हती, तुमचे कान होते, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होते मी?

दिवाळीनंतर धान आलं. मिल दिवसभर चालू. एके दुपारी धान वर चढवणारा पट्टा अडकला म्हणून यंत्र बंद केलेलं होतं. झाडलोट करणाऱ्या गीताबाईंनी अडकलेलं धान काढायला आत हात घातला. हिरामणभाऊ बटणापाशी, त्यांच्याकडे पाठ करून. कोणीतरी दुरून हात वर केला, त्यांना वाटलं, झालं काम. गीताबाई ओरडत होत्या, “थांबा जी, हात आहे, हात आहे.” सगळी यंत्रं बंद होती. त्या ओरडण्याखेरीज मिलमध्ये तेव्हा दुसरा आवाज नव्हता. हिरामणभाऊंनी बटण दाबलं.

गीताबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात शेठ होते, मिलमधले चार लोक होते, पारबताबाई आणि मी होतो. हिरामणभाऊ भिंतीला धरून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे गरजेपेक्षा फार मोठ्या आवाजात, बोलले.

“माहे कान गेले शेठ. दोन वर्सं झाले. मी लपवलं. कोनाचीच काई चुकी नाई. घरच्यायलेबी मालूम नोहतं. मी एकट्यानं लपवलं.”

आम्ही दोघी बायका फरशीकडे बघत उभ्या होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. मी त्यांची वाट बघत होते आणि त्या बहुधा माझी.

मिलची नोकरी सुटली. टीव्हीवर त्यांनी टॉवेल टाकला, तो पुढचा पावसाळा येईतो निघाला नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं होतं. ते लावलं की सगळी राईस मिल डोक्यात चालू होते, म्हणून ते डबीत गेलं. दर गुरुवारी मासोळी धरली की चांगली निवडून ते गीताबाईंच्या दारात घेऊन जात. गीताबाई ठेवून घेत. त्या काही बोलत की नाही, मला माहीत नाही. बोलल्या असत्या तरी यांना काय कळणार होतं? काही महिन्यांनी त्या मिलमध्ये परत झाडायला लागल्या, डाव्या हातानं.

मी शाळेतली एक पाटी आणली होती. मी लिहायचे, ते बोलायचे. एकदा पायरीवर बसलो असताना मी बरेच दिवस मनात असलेलं लिहिलं: ‘तुम्हाला कधी कळलं?’

त्यांनी खिशातून दाणा काढला, पण दाताखाली धरला नाही.

“सुरवातीले मले खरंच वाटलं मॅडम, का मालिकाच बिघडल्या,” ते म्हणाले. “नट पुटपुटतेत, लिवनाऱ्याले लिवता येत नाई, असंच वाटे. मी तं भांडलो ना त्याच्यापायी पारावर. मंग एक दिवस सकाळी बोडीवर गेलो. तं पाखरंबी बिघडले होते. तवा समजलं.”

पाटी पुसायचं निमित्त करून मी तोंड फिरवलं. त्यांच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता. पाटीवर लिहिण्याजोगी एक गोष्ट माझ्याकडे होती, आम्हाला दोघींना माहीत होतं ही. खडूही हातात होता. मी लिहिलं, ‘चहा घेणार?’

गेल्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. सामानाचा टेम्पो दाराशी उभा करून मी निरोप घ्यायला पुढच्या खोलीत गेले. दुपारचे चार वाजले असतील. टीव्ही चालू होता आणि त्याला आवाज नव्हता. आवाज आता कोणाला हवा होता? हिरामणभाऊ दाराकडे पाठ करून खाटेवर. आणि पारबताबाई, ज्यांनी अकरा वर्षं त्या डब्याकडे पाठ केली होती, त्या टीव्हीच्या शेजारी, यांच्याकडे तोंड करून बसल्या होत्या. पडद्यावर ‘अर्धा चहा’. टीव्हीच्या स्पीकरच्या जाळीला त्यांनी एक कान जवळजवळ चिकटवला होता आणि दोन्ही हात हवेत चालले होते. मुठी, बोटं, कारकुनाचं चष्मा पुसणं, साहेबाचं पोट. गुरुवारी पाण्यात चालायचे तेच हात. पडद्यावरचं बोलणं कधीच पुढे निघून गेलेलं असायचं. हात मागून येत होते.

हिरामणभाऊंनी ते बघितलं, क्षणभर मान कलती केली.

“नाई जमला,” ते मोठ्यानं म्हणाले. “जोक बरा होता, पन त्यानं उगाच लांबवला. पुढचं सांग.”

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग जे आलं ते आवरेना. त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्या पाठीला मी म्हटलं, “हिरामणभाऊ, आम्हाला माहीत होतं. तुम्ही एकट्यानं नाही लपवलं. मी सांगायला पाहिजे होतं, मी सांगितलं असतं तर गीताबाईंची बोटं राहिली असती. माझं चुकलं.”

पारबताबाईंचे हात थांबले. त्यांनी सगळं ऐकलं. हिरामणभाऊंनी त्यांची नजर बघितली, वळून पाहिलं आणि मला बघून उठायला लागले.

“अवो, मॅडम आल्या. काय म्हनतेत त्या?”

पारबताबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचे हात हलले, भरभर, माझ्या ओळखीची एकही खूण नव्हती त्यात. हिरामणभाऊ बघत राहिले, आधी भुवया वर गेल्या, मग खांदे हलायला लागले, आणि ते हसले. पाण्यातलं ते दाबून धरलेलं हसू नव्हे. दारातल्या टेम्पोवाल्यानंही आत डोकावून बघितलं.

“जा मॅडम, जपून जा,” डोळे पुसत ते म्हणाले. “आन तिथं सोफा घेऊ नोका.”

पारबताबाई मला पोचवायला टेम्पोपर्यंत आल्या. मी विचारलं, “काय सांगितलंत त्यांना?”

“कायतरी हासाचं सांगतलं,” त्या म्हणाल्या. पाटी माझ्या पिशवीतून बाहेर आलेली होती, ती त्यांनी काढून घेतली. “तुमी आता बोलल्या, तुमचं ते राहू द्या माह्यापाशी. माहं आहे तिथंच ठेवतो. त्यायले नाई देत.”

टेम्पो पुलावर चढेपर्यंत मी मागे बघत होते. त्या पाटी छातीशी धरून तिथंच उभ्या होत्या. एकदा त्यांनी हात वर केला. निरोपाचा असेल म्हणून मीही हात हलवला, तेव्हा त्यांनी पंजा आडवा केला, तळवा जमिनीकडे.